मागल्या चाकांचा संसार

दिवाळी अंकात यंत्रांविषयी लिहावयाचे म्हणजे फराळाच्या ताटात वंगणाची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु रनाळ्याच्या एका तरुण वाचकाचे पत्र आले आणि विषय आपोआप ठरला. रनाळे हे ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेवर नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या मधले गाव. या गृहस्थाने भंगारातून जुनी जीप आणली आहे. इंजिन चालू झाले आहे. आता मागची बाजू चांगली चार-पाच इंच उचलावयाची, पाटे वाढवावयाचे, रुंद टायर घालावयाचे, आणि घरच्या मंडळींना घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेला जावयाचे, असा त्याचा बेत आहे. ‘मागचा अ‍ॅक्सल कसा बसवावा?’ एवढाच त्याचा प्रश्न.

प्रश्न एका ओळीचा. पण त्या गाडीत त्याची आई बसणार आहे, तेव्हा उत्तर जरा सविस्तर देतो.

जुन्या मोटारी उचकटून त्यांना नवे रूप देण्याचा छंद अमेरिकेत फार बोकाळला. कॅलिफोर्नियातील पोरे 1930 नंतरच्या काळात फोर्डच्या जुन्या गाड्या स्वस्तात घेत, मडगार्डे काढून टाकीत, इंजिनाचा जोर वाढवीत आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट भुईवर पळवीत. अशा गाडीला ‘हॉट रॉड’ म्हणतात. त्या नावाचे मासिकच 1948 साली निघाले. आपल्याकडे शर्यतीचा छकडा जसा हलका करतात, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच, की ते लोक गाडी जमिनीला टेकवतात आणि आपण आभाळाला. पण बुडवा की चढवा, अ‍ॅक्सल एकदा जागचा हलला की दुखणे तेच.

बैलगाडीचा आख बिचारा सोशीक. त्याने ओझे तेवढे वाहावयाचे. ओढावयाला बैल असतात. मोटारीच्या मागच्या अ‍ॅक्सलला मात्र ओझेही वाहावे लागते आणि गाडीही ढकलावी लागते. कशी ढकलतो? चाक अ‍ॅक्सलला रेटते, अ‍ॅक्सल पाट्यांना, आणि पाट्यांच्या पुढच्या डोळ्यातली पिन चासीला. शिवाय चाके पुढे फिरू लागली की अ‍ॅक्सल उलट्या दिशेने पिळला जातो. तो पीळही पाट्यांनीच सोसावयाचा. पाटे म्हणजे नुसती बसण्याची गादी, असे समजणाऱ्याने पान्याला हात लावू नये. 1948 पर्यंतच्या फोर्डमध्ये मागे पाट्यांचा एकच जुडगा आडवा असे, आणि रेटा सोसण्याचे काम टॉर्क ट्यूब नावाची जाड नळी करी. हौशी पोरे ती नळी काढून उघडा शाफ्ट घालीत. मग रेटा आणि पीळ धरण्यासाठी वेगळ्या दांड्या बसवणे भागच पडे.

महिंद्रांनी 1947 साली जुळवावयास घेतलेली आणि पुढे इथेच बनू लागलेली विलीजची ती आखूड जीप घ्या. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत अंतर 80 इंच. तिचे पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात. तेच पाटे अ‍ॅक्सलच्या वर आणले की गाडी एका दिवसात चार-पाच इंच उंच होते. बहुधा आमच्या वाचकाच्या डोक्यात हीच युक्ती असावी. पण मागचा शाफ्ट मुळातच आखूड! एक टोक वर गेले की त्याला घसरगुंडीचा उतार येतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना जे जॉइंट असतात, ते वाकले की एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतात. पहिल्या जॉइंटची ही खोड दुसरा भरून काढतो. मात्र दोन्हींचा कोन सारखा हवा. म्हणजे गिअरबॉक्सचा दांडा आणि पिन्यन एकमेकांना समांतर हवेत. जोर लागला की पिन्यनचे नाक वर उठते, म्हणून ते एक-दोन अंश खाली ठेवतात. पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये उतरती लोखंडी पाचर घातली की हा कोन साधतो. कोन चुकला तर गाडी थरथरते आणि जॉइंट लवकर खलास होतात.

आता बसवणे. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर, इंजिन-बॉडीच्या पुऱ्या वजनानिशी उभी असावी. जॅकवर लोंबकळत्या गाडीचे माप खोटे येते. पाट्यांच्या पुढच्या दोन्ही पिनांपासून ओळंबे सोडून खडूच्या खुणा कराव्यात, अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांखालीही कराव्यात, आणि दोरीने दोन्ही कर्ण मोजावेत. सारखे भरले तर काम गुण्यात आहे. इथे गाडी करणाऱ्या सुताराला खुशाल हाताशी घ्यावे. ओळंबा, दोरी आणि गुण्या ही त्याचीच हत्यारे. अ‍ॅक्सल गुण्यात बसला तर चारही चाके गुण्यागोविंदाने नांदतात. नाही तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मापे पटेपर्यंत वेल्डिंगचा नुसता ठिपका द्यावा. नंतरही एका दमात वेल्डिंग करू नये. थोडे इकडे, थोडे तिकडे, नाही तर तापून हौसिंगच वाकते.

पाटे वाढवण्याची मात्र आपल्याकडे जुनी आणि वाईट खोड आहे. ओझे जास्त, म्हणून पाटे जास्त! पाटा दबला की लांब होतो. त्या लांबीला जागा मिळावी म्हणूनच मागच्या टोकाला झुलती शॅकल असते. पाटे इतके वाढवले की तो दबतच नाही, शॅकल हलतच नाही, आणि प्रत्येक खड्डा थेट चासीला आणि माणसांच्या मणक्याला पोचतो. रिकाम्या गाडीत तर ब्रेक दाबताच मागची चाके उड्या मारू लागतात. तेव्हा या वाचकाने पाटे मूळ संख्येचेच ठेवावेत, थकलेले असल्यास बदलावेत, आणि गाडी उचलण्याचा बेत सोडावा. दोन चाकांमध्ये जेमतेम चार फूट अंतर असलेली गाडी आणखी उंच केली की वळणावर ती कोणाचे ऐकत नाही. कायद्याचेही ऐकावयाचे आहे: मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल पाहता, कारखान्याच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल चालत नाही. भंगारातली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी तिच्या कागदपत्रांची चौकशीही आर. टी. ओ. कार्यालयात करून घ्यावी.

सर्वांत क्षुल्लक दिसणारी वस्तू शेवटी सांगतो. पाट्यांच्या मधोमध बोटाएवढा सेंटर बोल्ट असतो. तो अ‍ॅक्सलची जागा दाखवतो. अ‍ॅक्सल धरून ठेवण्याचे काम यू-बोल्टांचे. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा रेटा त्या सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो, आणि एका बाजूचे चाक चालत्या गाडीत मागे सरकते. म्हणून यू-बोल्ट आणि नट नवेच घ्यावेत, गाडीचे वजन चाकांवर असताना आळीपाळीने समोरासमोरचे नट आवळावेत, आणि शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा पाना लावून पाहावा. त्या शंभर किलोमीटरांत गाडीत एकट्यानेच बसावे.