७ हजार डॉलरचं पिनबॉल मशीन घेतल्यावरही दरमहा पैसे? समजून घ्या सबस्क्रिप्शनचं गणित

तिरकं टेबल, वर काच, आत धावणारा स्टीलचा गोळा आणि तो खाली पडू नये म्हणून दोन्ही बाजूंची बटणं दाबणारे तुम्ही. पिनबॉल म्हणजे एवढंच. पण या खेळाचं नवं मशीन घरी आणणं स्वस्त नाही. अमेरिकेत शिकागोजवळच्या 'स्टर्न पिनबॉल' या बड्या कंपनीच्या 'प्रो' मॉडेलची किंमत साधारण ७ हजार डॉलर आहे, म्हणजे सहा लाख रुपयांच्या आसपास. 'लिमिटेड एडिशन' तर १३ हजार डॉलरच्या घरात जाते.

मग एकरकमी पैसे भरण्याऐवजी ओटीटीसारखं दरमहा सबस्क्रिप्शन असेल तर? ऐकायला बरं वाटतं. पण खरा प्रश्न हा आहे की, मशीन नक्की कोणाचं?

हा विषय आला कुठून?

आजचं पिनबॉल मशीन म्हणजे निम्मा कॉम्प्युटर आहे. बाजारात येताना त्याचं सॉफ्टवेअर अनेकदा अर्धवट असतं. नवे नियम, नवे आवाज पुढचे कित्येक महिने अपडेटमधून मिळत राहतात आणि तेही फुकट. २०२१ मध्ये स्टर्नने 'इनसायडर कनेक्टेड' ही सेवा आणली. मशीनवर क्यूआर कोड स्कॅन केला की तुमचा स्कोअर तुमच्या खात्यात जमा होतो.

हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा पगार आणि सर्व्हरचा खर्च दर महिन्याला असतो. ग्राहकाकडून पैसे मात्र एकदाच येतात. कंपन्यांना सबस्क्रिप्शनचा मोह होतो तो इथेच.

ग्राहकाचं गणित काय?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही ७ हजार डॉलरचं मशीन घेतलं आणि तीन वर्षांनी ते साडेपाच हजारांना विकलं. खरा खर्च झाला दीड हजार. आता समजा, तेच मशीन दरमहा १५० डॉलरने घेतलं. तीन वर्षांत ५,४०० डॉलर गेले आणि हातात काहीच उरलं नाही.

बारमध्ये मशीन लावणाऱ्या व्यावसायिकाचं गणित वेगळं असतं. त्याच्याकडे रोज नाणी जमतात, मासिक फी हा धंद्याचा खर्च. दुरुस्ती कंपनीकडे असेल तर त्याला ते परवडूही शकतं. घरी खेळणाऱ्याला हा फायदा नाही.

जुनी मशीन काय सांगतात?

'द अॅडम्स फॅमिली' हे १९९२ चं मशीन २० हजारांहून जास्त विकलं गेलं. ते बनवणाऱ्या विल्यम्स कंपनीने १९९९ मध्ये पिनबॉलचं काम बंद केलं. तरीही ती मशीन आज खेळली जातात, विकली जातात. कारण ती सुरू करायला कोणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. त्यांचं चालणं मासिक फीवर अवलंबून असतं, तर कंपनीसोबत मशीनही बंद पडलं असतं.

गाड्यांच्या बाजारात काय झालं?

२०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने दक्षिण कोरियासह काही देशांत सीट गरम करण्याच्या सोयीसाठी मासिक फी ठेवली. हीटर गाडीत आधीच बसवलेला होता, फक्त सॉफ्टवेअरने कुलूप घातलेलं. जगभर टीका झाली आणि २०२३ मध्ये कंपनीने ही कल्पना सोडली. विकत घेतलेल्या वस्तूचं पुन्हा भाडं द्यायला लोक तयार नव्हते.

मधला मार्ग आहे का?

आहे. टेक्सासच्या 'मल्टीमॉर्फिक' कंपनीचं 'पी-३' मशीन एकदा घ्यायचं आणि नवा खेळ हवा असेल तेव्हा फक्त वरचा भाग आणि सॉफ्टवेअर विकत घ्यायचं. कंपनीला पुन्हा पैसे मिळतात आणि ग्राहकाकडे वस्तू राहते.

ऑनलाइन स्पर्धा, स्कोअरची यादी अशा सर्व्हरवर चालणाऱ्या गोष्टींसाठी फी मागणंही समजू शकतं. पण गोळा, फ्लिपर आणि खेळाचे नियम फी थांबली तरी चालायलाच हवेत.

त्यामुळे पिनबॉल असो, गाडी असो की टीव्ही, घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. इंटरनेट बंद असताना ही वस्तू चालेल का? विकली तर पुढच्या माणसाला सगळ्या सोयी मिळतील का? आणि उद्या कंपनी बंद पडली तर? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर तुम्ही वस्तू विकत घेत नाही आहात. भाड्याने घेत आहात. मग किंमतही भाड्याएवढीच असायला हवी.