पाचवीत घालताना बारावीचं विचारा

मुलीचं नाव खासगी कन्याशाळेत घालायचं ठरलं असेल, तर प्रवेश अर्ज हातात घेण्याआधी मुख्याध्यापिकांना एक प्रश्न विचारा. पाच वर्षांपूर्वी तुमच्याकडे पाचवीत किती मुली आल्या होत्या, आणि त्यांतल्या किती जणी यंदा दहावीला बसल्या? शाळेचा निकाल फाटकावरच्या फ्लेक्सवर वाचायला मिळतोच. पण ती टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलींची असते. आठवीच्या दिवाळीत घरी गेली आणि परत आलीच नाही, अशा मुलीमुळे शंभर टक्के निकालाला धक्का लागत नाही.

आपल्या नगर जिल्ह्यात तर हा प्रश्न विचारायलाच हवा. उत्तरेला प्रवरेच्या काठी ऊस, साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था एकमेकांच्या आधारानं वाढल्या. लोणीला मुलींची निवासी शाळा उभी राहिली, आणि तिथं लांबलांबून मुली येतात. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधली माणसं मात्र तोच ऊस तोडायला दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा त्या आईबापांपुढचा खरा पेच असतो. मग तिला फडावर नेतात, नाहीतर तिचं लग्न लावून देतात. दोन्हीकडे शाळा सुटते. अशा घरातल्या मुलीसाठी वसतिगृहाची शाळा म्हणजे लग्न टळण्याची आणि दहावी होण्याची संधी असते. खासगी फी झेपत नसेल, तर ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी समाजकल्याण विभागाची संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे आणि तिच्यात पाथर्डी नि जामखेडचा समावेश आहे. तिथं जाऊन चौकशी करा. मुकादमाकडून उचल घेण्याआधी करा, कारण एकदा टोळी ठरली की मुलीच्या शाळेचा विचार करायला कुणाला सवड राहत नाही.

नगरला मुलींच्या शाळेची परंपरा फार जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार बाई १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथंच वारल्या. मधली सगळी वर्षं त्यांनी इथं मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर फरार बाईंची शाळा पाहून गेले आणि १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं तेही फरार बाईंकडे, नगरलाच. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शिकणाऱ्या बाईला शिकवण्यापर्यंत पोचवण्याचं काम त्या काळात, लोकांचा विरोध सोसून, या गावात झालं. आजच्या कन्याशाळेलाही हेच माप लावा. इथून बाहेर पडलेल्या मुली पुढं काय झाल्या? नर्स, शिक्षिका, पोलीस, इंजिनिअर, शेतीची पदवीधर? की दहावीचा निकाल लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात पाहुणे बघायला आले?

पुष्कळ पालक कन्याशाळा निवडतात ती काळजीपोटी. तिथं मुलगे नाहीत म्हणजे जिवाला घोर नाही, असं त्यांना वाटतं. काळजी रास्त आहे, पण नुसत्या उंच कुंपणानं ती मिटत नाही. प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी असा शासनाचा आदेश २०२२ पासून आहे. समितीवर कोण आहे, गेल्या वर्षात ती किती वेळा बसली, तक्रारपेटी कुठं आहे आणि ती कोण उघडतं, हे विचारा. पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारात टांगलेली असेल, तर एकही मुलगी तिच्यात चिठ्ठी टाकणार नाही. मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा पोक्सो कायद्यानं गुन्हा आहे, मग कळलेली व्यक्ती संस्थेची अध्यक्ष असो की शिपाई. हे शाळेला माहीत आहे ना, याची खात्री करून घ्या. आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलीकडून पाठ करून घ्या.

वसतिगृह बघायला जाल तेव्हा स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नका. साध्या दिवशी, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळेला जा. ताटात काय वाढलंय ते बघा आणि मुली मनमोकळ्या बोलत जेवतात की मान खाली घालून, तेही बघा. न्हाणीघरात नि संडासात जाऊन स्वतः नळ सोडून बघा. आपल्याकडे पारनेर-पाथर्डीकडच्या गावांत उन्हाळा चढला की टँकरची वाट बघावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये दोनशे मुलींना पाणी कुठून येतं, हे प्रवेशाच्या वेळीच विचारलेलं बरं. पाळीच्या दिवसांत पाणी नाही म्हणून घरी यायचा हट्ट धरणाऱ्या मुली असतात आणि घरच्यांना वाटतं पोरीचं अभ्यासात लक्ष नाही. रात्री दोन वाजता ताप चढला तर दवाखान्यात कोण नेणार, वसतिगृहात बाई मुक्कामाला असतात का, घरी फोन करायला मुलीला कधी मिळतो आणि बोलताना शेजारी कोण उभं असतं, हे सगळं विचारायला संकोच वाटू देऊ नका. चांगल्या संस्थेला असे प्रश्न आवडतात. ज्या संस्थेला राग येईल, तिथं मुलीला ठेवू नका.

आता पैशाचं. आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलीची किंवा आईबापांची परीक्षा, मुलाखत घेता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू नाही, तेवढं लक्षात ठेवा. प्रवेशासाठी देणगी मागणं तर राज्याच्या १९८७ च्या कायद्यानंही गुन्हा आहे. ‘इमारत निधी’ म्हणा नाहीतर ‘विकास निधी’, पावती न देता जे घेतलं जातं ते डोनेशनच. विनाअनुदानित शाळेची फी संस्थाचालक एकटे ठरवू शकत नाहीत. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं ती ठेवावी लागते, समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडावे लागतात आणि एकदा मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं तीच राहते. मंजूर फीचा कागद मागा. शिक्षणाची फी, वसतिगृह, मेस, गणवेश, अनामत असे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. हप्ते पाडून मागायलाही लाजू नका. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो, उसाचं पेमेंट तुकड्यातुकड्यांनी येतं, कांद्याचा तर भरवसाच नाही. तुमच्या घरात पैसा ज्या महिन्यात येतो त्या महिन्याचा हप्ता मागा, आणि ठरलेलं कागदावर घ्या.

आणि फी थकलीच, तर मुलीला घरी बसवू नका. दाखला अडवला म्हणून शिक्षण थांबलंच पाहिजे असं नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत वयाच्या पुराव्यावर मुलीला वर्गात बसवता येतं. खासगी शाळेतून काढून गावच्या शाळेत घातलं तर भावकी काय म्हणेल, या विचारानं मुलीचं वर्ष वाया घालवणं मला अजिबात पटत नाही. अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत फी नाही, आणि तिथले शिक्षक अनेकदा खासगी शाळेतल्यांपेक्षा जास्त शिकलेले नि कायम नोकरीतले असतात. शिवाय पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेला जायला-यायला एसटीचा पास मोफत मिळतो. त्या योजनेला अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे, आणि त्यांचं जन्मगाव चौंडी आपल्याच जामखेड तालुक्यातलं. घरून ये-जा करून शिकणं जमत असेल, तर मोठी फी भरून वसतिगृह घेण्याची गरज आहे का, हे एकदा शांतपणे तपासा.

कन्याशाळा कितव्या इयत्तेपर्यंत आहे, हे बहुतेक पालक पाचवीत विचारतच नाहीत. पुष्कळ शाळा दहावीला संपतात. काहींना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असतं, पण फक्त कला शाखेचं. मुलीला गणित-विज्ञानात गोडी असेल आणि पुढं जवळपास विज्ञान शाखाच नसेल, तर सोळाव्या वर्षी घरात वाद होतो. लांबच्या कॉलेजात एकटी कशी पाठवायची, असं म्हणत म्हणत स्थळाचा विषय निघतो. अठराच्या आत लग्न बेकायदा आहे आणि ते थांबवण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर आहे, पण तिथवर वेळ येऊ नये म्हणून विचार आधी करायचा. बारावीनंतरचीही वाट पूर्वीपेक्षा मोकळी आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, मराठा आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे. इंजिनिअरिंगची फी कुठून आणायची, हे कारण आता पूर्वीसारखं पुढं करता येणार नाही.

दहावीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलींच्या पालकांना एक तातडीचं सांगणं आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यात आपला जिल्हाही आला. आता कॉलेजात जाऊन ओळखीनं नाव घालून येता येत नाही. मुलीच्याच शाळेच्या आवारात कनिष्ठ महाविद्यालय असेल तर इनहाउस कोट्याच्या दहा टक्के जागा असतात. त्यासाठी वेगळा पर्याय भरावा लागतो, तो राहू देऊ नका. पसंतीक्रमात पहिलं कॉलेज विचार करून टाका. ते मिळालं आणि घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मुलगी बाहेर पडते. एसटीनं रोज पोचता येईल असंच कॉलेज वर ठेवा. सायबर कॅफेवाल्याच्या मोबाइल नंबरावर नोंदणी करू नका, ओटीपी तुमच्याच फोनवर यायला हवा. अर्ज भरताना मुलगी शेजारी बसलेली असू द्या, शाखा तिनं सांगू द्या, आणि लॉगिन नि पासवर्ड तिच्या वहीत तिच्याच अक्षरात लिहून ठेवायला सांगा.