सलोंगा यांचे बारावे मत

मॅगसेसे पुरस्कार मराठी वाचकाला विनोबा भावे आणि बाबा आमटे यांच्यामुळे परिचित आहे. ज्या देशातून तो दिला जातो त्या फिलिपाइन्सविषयीचे कुतूहल मात्र इमेल्डाबाईंच्या पादत्राणांच्या संग्रहापाशीच थांबते. 2007 साली पी. साईनाथ यांना हा सन्मान लाभला, त्याच वर्षी तो होविटो सलोंगा या फिलिपिनो संसदपटूलाही लाभला होता, याचे स्मरण येथे फारसे कुणाला नसावे.

1920 साली पासिग येथे जन्मलेल्या सलोंगा यांनी जपानी आमदानीत तुरुंगवास व छळ सोसला. पुढे हार्वर्ड व येल येथे कायद्याचे अध्ययन करून ते 1961 मध्ये प्रतिनिधिगृहात व 1965 मध्ये सेनेटमध्ये गेले. 21 ऑगस्ट 1971 रोजी मनिलातील प्लाझा मिरांडा येथे लिबरल पक्षाच्या सभेवर हातबाँब फेकण्यात आले. सलोंगा यांचा एक डोळा गेला, एक कान निकामी झाला. त्याच निवडणुकीत मतदारांनी त्यांना सर्वाधिक मते दिली. पुढच्याच वर्षी मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि संसदेला टाळे लागले. सलोंगा राजबंद्यांचे वकीलपत्र घेऊ लागले. 1980 मध्ये ते स्वतःच स्थानबद्ध झाले.

फेब्रुवारी 1986 मध्ये मार्कोस परागंदा झाले तेव्हा देशावर सुमारे 26 अब्ज डॉलरचे परकीय कर्ज होते. बताआनच्या अणुवीज केंद्रावर दोन अब्जांहून अधिक डॉलर खर्ची पडले होते. त्यातून एक युनिटही वीज निघाली नाही. कर्जाचे हप्ते मात्र 2007 पर्यंत फेडावे लागले. अर्थशास्त्र ज्याला भांडवलनिर्मिती म्हणते ती या राजवटीत बरीचशी स्विस बँकांत झाली, असे म्हणावयास हरकत नाही. ही लूट परत मिळविण्यासाठी कोराझोन अक्विनो यांनी नेमलेल्या आयोगाचे पहिले अध्यक्ष सलोंगा होते. स्विस सरकारने महिन्याभरात खाती गोठविली; परंतु 65.8 कोटी डॉलर सरकारजमा करण्याचा फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय उजाडायला 2003 साल यावे लागले. 1991 मध्ये संमत झालेला सार्वजनिक संपत्तीच्या लुटीविरुद्धचा कायदाही सलोंगा यांच्याच पुढाकाराचा. त्याच कायद्याखाली 2007 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष एस्ट्राडा दोषी ठरले, आणि दीड महिन्यातच त्यांना माफीही मिळाली!

खरी कसोटी लागली ती 16 सप्टेंबर 1991 रोजी. सुबिक येथील अमेरिकी नाविक तळाची मुदत दहा वर्षांनी वाढविणारा करार सेनेटपुढे होता. मोबदला वर्षाला 20.3 कोटी डॉलर. पिनाटुबो ज्वालामुखीने नुकताच हाहाकार माजविला होता, तळावर हजारोंची रोजीरोटी अवलंबून होती, आणि खुद्द अक्विनो कराराच्या बाजूने मोर्चात उतरल्या होत्या. मंजुरीस सोळा मते हवी होती, मिळाली अकरा. विरोधातले बारावे मत अध्यक्षस्थानावरून सलोंगा यांनी दिले. करार आधीच कोसळला होता, तटस्थ राहून त्यांना सहज निभावता आले असते. रोजगार बुडालेल्यांसाठी पर्यायी योजना सिद्ध नव्हती, ही टीका रास्तच आहे. मात्र भाड्याच्या रकमेवर संरक्षणाचे धोरण ठरविणारा देश आपले अर्थकारणही दुसऱ्याच्या हाती सोपवीत असतो.

काही महिन्यांतच सहकाऱ्यांनी त्यांना सेनेटच्या अध्यक्षपदावरून दूर केले. तीनदा सेनेटच्या निवडणुकीत अग्रस्थानी राहिलेला हा नेता 1992 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सहाव्या क्रमांकावर फेकला गेला. अमेरिकी सैन्याला पुन्हा वावर देणारा 2014 चा करार सेनेटपुढे आणलाच गेला नाही. जानेवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. दोन महिन्यांनी सलोंगा निवर्तले. 2022 मध्ये फिलिपिनो मतदारांनी मार्कोस यांच्या चिरंजीवांना राष्ट्राध्यक्ष निवडले.