खतावणी मोबाईलमध्ये गेली, कुलूप कोठे आहे?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत कापडाचा धंदा करणाऱ्यास तुमची पुंजी कोणती असे विचारले, तर तो माग, गोदाम आणि बाजारात अडकलेली रक्कम सांगेल. माझ्या मते खरी पुंजी निराळी आहे. पालीचा कोणता व्यापारी कोणती क्वालिटी घेतो, काय भावाने, किती दिवसांच्या मुदतीवर, आणि कोणाचे पेमेंट दरवेळी अडते, ही माहिती जमवायला तीस वर्षे लागतात. दुसऱ्याच्या हाती जायला एक दुपार पुरते.

जुन्या व्यापाऱ्यांना हे कळत होते. वही रात्री तिजोरीत जायची. मारवाडी पेढ्यांचे मुनीम महाजनी लिपीत मात्रा न लावता लिहीत, परक्याला ते वाचताच येत नसे. मुनीम म्हणजे नुसता हिशेबनीस नव्हे, उर्दूत ज्याला आम्ही राजदार म्हणतो तो. आज तीच खतावणी कॉम्प्युटरात आणि मोबाईलमध्ये आहे आणि दुकानातला कोणीही ती उघडू शकतो.

येथे एक खुलासा करतो, कारण काही बंधू सोयीचा अर्थ काढतात. गुपित राखणे म्हणजे लपवाछपवी नव्हे. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत शेतकऱ्याला फसविणारी होती, म्हणूनच बाजार समित्यांत उघड लिलाव आला. सरकारपासून विक्री लपविण्याचा सल्ला येथे मिळणार नाही.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा नोंदणीची घाई झाली. कित्येक छोट्या व्यापाऱ्यांच्या नोंदणीत कर सल्लागाराचाच मोबाईल नंबर आणि ई-मेल पडला, आणि तो आजही तसाच आहे. ओटीपी त्याच्याकडे जातो. आता जीएसटीआर-१ म्हणजे काय ते पाहा. नोंदणीकृत पार्ट्यांपैकी कोणाला, कोणत्या तारखेला, किती रुपयांचा माल दिला याची ती बिलवार यादी आहे. म्हणजे तुमची सारी पुंजी. ती ज्याच्या पासवर्डने उघडते तो त्याच बाजारातील आणखी पन्नास जणांचे काम पाहतो. सल्लागार बहुधा इमानदारच असतो. पण त्याच्या ऑफिसात बसणारी पोरे रोज बदलतात आणि सर्वांचे पासवर्ड एकाच वहीत लिहिलेले असतात.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. अधिकृत सहीदाराचा मोबाईल व ई-मेल पोर्टलवर बदलता येतो, त्यासाठी अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. पासवर्डच माहीत नसेल तर कागदपत्रे घेऊन आपल्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जावे. ई-वे बिलाच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सर्वांनाच पासवर्डबरोबर ओटीपी सक्तीचा झाला आहे. तेथे मुनीमासाठी वेगळा उपवापरकर्ता करता येतो आणि त्याला फक्त बिल काढण्याचा अधिकार देता येतो. आपला मुख्य पासवर्ड त्याला सांगण्याची गरजच उरत नाही.

दलालांबद्दल थोडेच सांगतो. जो दलाल तुमचा भाव पाडण्यासाठी दुसऱ्याचे बिल मोबाईलवर दाखवितो, तो संध्याकाळी तुमचे बिल कोठे दाखवीत असेल, हा विचार आपण का करीत नाही?

मात्र सर्वात वाईट अवस्था आपल्या कारागिरांच्या कागदांची आहे. उत्तर प्रदेश, बिहारहून आलेल्या विणकराच्या आधार, पॅन आणि पासबुकाच्या झेरॉक्स कारखान्याच्या उघड्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या असतात, नाहीतर व्हॉट्सअॅपवर या हातातून त्या हातात फिरतात. अशाच कागदांवर गरिबांच्या नावे बोगस फर्म उघडल्या जातात. त्या शोधण्यासाठी १६ मे २०२३ पासून दोन महिने केंद्र व राज्यांना देशभर मोहीम घ्यावी लागली. कोणा विणकराच्या नावे अशी फर्म निघाली, तर नोटीस त्याच्या घरी जाते. रोजीवर जगणारा माणूस कोणत्या वकिलाकडे जाणार? चोरी दुसऱ्याने केली हे खरे, पण अमानत आपल्याकडे होती. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत निघते. जेथे ती चालते तेथे तीच घ्यावी. झेरॉक्स घ्यावीच लागली तर तिच्यावर कशासाठी घेतली ते आणि तारीख लिहावी, आणि काम झाल्यावर फाडून टाकावी.

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याची तरतूद आहे. पण हा कायदा माणसांच्या माहितीसाठी आहे, तुमच्या भावांच्या यादीसाठी नाही. धंद्याच्या गुपितांसाठी वेगळा कायदा असावा असे विधी आयोगाने मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात सुचविले. तोवर मुनीमाशी किंवा भागीदाराशी लेखी करार करणे हाच आधार. आपल्याकडे मात्र तोंडी बोलण्यावरच तिजारत चालते.

पूर्वी मुनीम नोकरी सोडताना किल्ल्यांचा जुडगा गादीवर ठेवून जायचा आणि त्यात कोणाला अपमान वाटत नसे. आज मुनीम जाईल त्या दिवशी त्याचा पगार, बाकी सारे चुकते करावे. त्याच संध्याकाळी सर्व पासवर्ड बदलावेत, ई-वे बिलावरचा त्याचा उपवापरकर्ता बंद करावा आणि पार्ट्यांच्या ग्रुपमधून त्याचा नंबर काढावा.