एक्सप्लेनर : मूल घरी शिकतेय, भाषेत वयाच्या पुढे आहे; मग पुढचे पुस्तक कोणते?

समजा, काटोलमधली नऊ वर्षांची एक मुलगी शाळेत न जाता घरीच शिकते. चौथीचे बालभारती तिने दोन आठवड्यांत संपवले. आता ती आठवीचे धडे वाचते, आणि तिला ते समजतातही. आई-बाबांचे पुढचे पाऊल ठरलेले असते : नववीचे पुस्तक आणू.

गणितात ही शिडी बऱ्यापैकी चालते, कारण तिथे एक पायरी दुसरीवर उभी असते. भाषेत तसे नाही. आठवी आणि नववीच्या मराठीत काठिण्याचा फरक थोडा असतो. धड्याखालचे प्रश्नही साधारण त्याच जातीचे. मूल इयत्तेने पुढे जाते, भाषेने मात्र तिथेच राहते.

मग अशा मुलाचा अभ्यास आखायचा कसा? कायदा काय सांगतो? आणि काटोलसारख्या गावात त्यासाठी काय मिळू शकते?

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या पाल्याला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे त्याचे कलम १० सांगते. ते न पाळल्यास पालकांना शिक्षा मात्र या कायद्यात नाही. घरी शिकवण्याचा उल्लेखही नाही. म्हणजे होमस्कूलिंगला स्पष्ट परवानगी नाही आणि स्पष्ट बंदीही नाही.

परतीचा रस्ता उघडा आहे. कलम ४ नुसार शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा : वर्ग वयावरून ठरतो. नऊ वर्षांचे मूल आठवीचे पुस्तक वाचत असले, तरी शाळा त्याला आठवीत बसवणार नाही.

परीक्षा कधी?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. तिच्या दहावीसाठी किमान वय १४, बारावीसाठी १५. विषयांत किमान एक भाषा घ्यावी लागते. मराठीही घेता येते. लहान वयासाठी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे स्तर आहेत. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. त्याच्या अटी आधी नीट वाचाव्यात.

हिशोब मांडून पाहा. नवव्या वर्षापासून दहावीच्या परीक्षेच्या वयापर्यंत हातात पाच वर्षे आहेत. ती वरच्या इयत्तांची पुस्तके संपवण्यात घालवली, तर चौदाव्या वर्षी मूल तीच दहावी देईल. फक्त कंटाळून.

याआधी असे कोणी शिकले आहे?

पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. रमाबाई आठ वर्षांच्या झाल्यावर आईने त्यांना शिकवायला घेतले, ते साधारण पंधराव्या वर्षापर्यंत. व्याकरण, कोश, काव्य आणि भागवत हा त्यांचा अभ्यास होता. शाळा नाही, इयत्ता नाही.

दोन गोष्टी मात्र होत्या. पहिली म्हणजे खोली. थोडे ग्रंथ, पण पुरते मुरवलेले. दुसरी म्हणजे परके श्रोते. हे कुटुंब तीर्थयात्रा करत गावोगावी पुराण सांगत फिरत असे. त्यामुळे मुलीची भाषा घराबाहेरच्यांच्या कानावर पडत गेली, आणि फिरता फिरता तिच्या कानावरही इतर भाषा पडल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले.

त्या घरातली गरिबी, भटकंती आणि दुष्काळात आई-वडील गमावणे यांत हेवा करण्यासारखे काही नाही. त्यांच्या अभ्यासातल्या या दोन गोष्टी मात्र आजही घेता येतात.

आराखडा कसा करायचा?

इयत्तेऐवजी बारा आठवड्यांचा एक टप्पा धरा. प्रत्येक टप्प्यात चार कामे.

१. वाचन : एकच मोठे पुस्तक आणि सोबत चार-पाच छोटे मजकूर. निवडताना भाषा अवघड चालेल, पण विषय वयाला पेलणारा हवा. वाचनाची ताकद चौदाची असली, तरी मन नऊचेच असते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत.

२. लेखन : टप्प्याला तीनच लेख, पण प्रत्येकाचे तीन खर्डे. आधीचे खर्डे फेकू नका. प्रगती गुणांत दिसत नाही. पहिला आणि तिसरा खर्डा शेजारी ठेवला की दिसते.

३. भाषेची रचना : व्याकरण पाठ करण्याऐवजी शोधायला लावा. आपल्याकडे ‘ये’ आणि ‘येजो’ दोन्ही म्हणतात. फरक काय? ‘ये’ म्हणजे आत्ता, ‘येजो’ म्हणजे नंतर. मग ‘जाजो’, ‘सांगजो’ कसे तयार होते? प्रमाण मराठीत याच अर्थासाठी काय वापरतात? हा नियम मुलाने स्वतः मांडला, तर तो भाषाविज्ञानाचा पहिला धडा झाला. शिवाय घरची बोली म्हणजे अशुद्ध मराठी, हा समज मनात रुजण्याआधीच निघतो. थोड्या मोठ्या मुलांसाठी पाणिनी लिंग्विस्टिक्स ऑलिंपियाड आहे. त्यात अनोळखी भाषेतल्या उदाहरणांवरून नियम शोधायचे असतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००३ पासून होते. तिचे जुने प्रश्न मोफत मिळतात.

४. प्रकल्प : काटोलमध्ये विषय शोधायला लांब जावे लागत नाही. संत्र्याच्या बगीच्यात जा आणि शब्द गोळा करा. आंबिया, मृग, पन्हेरी, कलम, डिंक्या, कोळशी, तोडा. प्रत्येक शब्दाचा अर्थ, तो कोणी सांगितला, कोणत्या वाक्यात वापरला, हे लिहा. मग मोल्सवर्थचा कोश उघडा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आता इंटरनेटवर मोफत आहे. कोणता शब्द त्यात आहे, कोणता नाही, कोणाचा अर्थ बदलला? दहाव्या वर्षी केलेला शंभर शब्दांचा असा कोश नववीच्या स्वाध्यायांपेक्षा कितीतरी पुढचा अभ्यास आहे.

जवळपास काय आहे?

काटोलच्या तीन बाजूंना भाषेची तीन विद्यापीठे आहेत. रामटेकला कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आणि वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय, दोन्ही १९९७ ची. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. तिथे रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे, स्थापना २०२४. रिद्धपूर हे महानुभावांचे ठिकाण. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ याच परंपरेतला. त्यातल्या छोट्या लीळा बारा-तेरा वर्षांचे मूल टिपांच्या आधाराने वाचू शकते.

विद्यापीठे लहान मुलांना प्रवेश देत नाहीत, हे उघड आहे. पण मुलाने नेमका प्रश्न लिहून पाठवला, तर एखादे प्राध्यापक उत्तर देऊ शकतात. नागपुरात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ पासूनचा. बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार मराठीत नवा नाही. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून हे काम करते.

आमचे म्हणणे

घरी शिकवताना आईच शिक्षक, आईच परीक्षक आणि आईच श्रोता असते. गणितात हे खपते, कारण उत्तर बरोबर की चूक हे पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते. भाषेत तसे उत्तर नसते. ‘हे वाक्य मला कळले नाही’ असे सांगणारा परका वाचक लागतो. आपल्या मुलाचे अर्धे वाक्यही आईला कळते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

म्हणून आराखड्यात पुस्तकांच्या यादीआधी दोन वाचकांची नावे लिहा. एक मोठ्या वयाचा, जो मजकूर बारकाईने तपासेल. दुसरा मुलाच्याच वयाचा, जो कंटाळा आला तर तसे तोंडावर सांगेल. निवृत्त मराठीचे शिक्षक गावोगावी आहेत. त्यांना महिन्यातून एक तास मागायला संकोच नको.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष गती असलेल्या मुलांना पाठबळ देण्याचा उल्लेख आहे, पण त्याची सगळी मांडणी शाळेभोवती आहे. शाळेबाहेरचे मूल त्यात बसत नाही. १९६७ च्या कायद्यामुळे राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे आहे. तालुक्याच्या ग्रंथालयाने महिन्यातून एका रविवारी दोन तास एक टेबल मुलांच्या लिखाणासाठी राखून ठेवावे. शाळेतली मुले येतील, घरी शिकणारीही येतील. त्यासाठी ना नवा निधी लागतो, ना शासन निर्णय. वाचून दाखवणारे एक मूल आणि ऐकणारी चार माणसे जमली की पुरे.