फाल्गुनातच सावली बांधा

सिल्वासात गच्चीवर, गॅलरीत, अंगणात चार झाडं जपणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती आहे. सावली बांधायला एप्रिलची वाट पाहू नका. याच आठवड्यात बांधा.

निफाडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. दमणगंगेच्या काठी आपल्याला हिमाचं भय नाही. इथल्या झाडांवर घाला घालतं ते ऊन, आणि ते लवकर येऊ लागलंय. हवामान खात्याच्या १९०१पासूनच्या नोंदींत २०२२चा मार्च देशभरातल्या कमाल तापमानात तोवरचा सर्वांत तापलेला ठरला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीनेही उच्चांक मोडला. २०२२च्या त्या उन्हात उत्तरेकडे शेतातल्या गव्हाचे दाणे बारीक राहिले. सिमेंटच्या गच्चीवर काळ्या पिशवीत वाढणाऱ्या मिरचीचं काय होत असेल!

जमिनीतलं झाड गारव्यासाठी मुळं खोल नेतं. कुंडीतल्या मुळांना पळायला जागा नसते. कुंडीची भिंत तापली की कडेची कोवळी मुळं भाजतात, पानांना पाणी पुरत नाही आणि पानं करपतात. टोमॅटोचा पराग पस्तीस अंशांच्या पुढे निकामी होऊ लागतो, म्हणून फुलं धरतात आणि गळतात. ते पाहून युरिया टाकू नका. तहानलेल्या मुळांना तो आणखी जाळतो.

जुनी सुती साडी किंवा धोतर काढा. झाडांच्या वर हातभर अंतर ठेवून ते ताणून बांधा, बाजू वाऱ्याला मोकळ्या सोडा. पश्चिमेची बाजू आधी झाका, तिसऱ्या प्रहराचं ऊन सर्वांत वाईट. हिरवी जाळी आणायची तर पन्नास टक्के सावलीची आणा. त्याहून दाट जाळीखाली भाजीपाला फुलत नाही. प्लास्टिकचा कागद मात्र नको, त्याखाली वाफ कोंडते. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या तरी बराच फरक पडतो.

पाणी सूर्य वर येण्याआधी, बुडापर्यंत पोचेल असं घाला. भर दुपारी पान मान टाकतं तेव्हा जीव तुटतो, पण आधी मातीत बोट खुपसून बघा. ओल असेल तर संध्याकाळी ते आपोआप सावरतं. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी कढत असतं; ते घालून मी पपईचं रोप गमावलं आहे. आता पहाटेच बादल्या भरून सावलीत ठेवते.

वैशाखात तुळशीवर गळती लावायची रीत आपल्या घरांना ठाऊक आहे. मडक्याच्या बुडाला भोक, त्यात कापडाची वात, थेंब थेंब पाणी. ती गळती यंदा आत्ताच लावा, आणि तुळशीइतकीच मोगऱ्याला, कढीपत्त्यालाही.

आणि एक, सर्वांत तातडीचं. सागाची पानगळ सुरू आहे. शेतकऱ्याला राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, पाचोळा लागतो, तो त्याला लागणारच. पण शहरात सोसायट्यांच्या कोपऱ्यांत रोज सकाळी त्याचे ढीग पेटतात. तोच पाचोळा कुंडीत चार बोटं पसरला, खोडापासून जरा दूर ठेवला, तर ओल कितीतरी जास्त टिकते. उद्या झाडणाऱ्या मावशींनी ढिगाला काडी लावण्याआधी पोतं घेऊन खाली उतरा.