पालोऱ्याची ओळख

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. शेजारच्या वहिनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला हाताला धरून ओढीतच आमच्या ओसरीवर आल्या. "गुरुजी, याने रानातले काही विषारी खाल्ले हो!" मुलाचे ओठ, दात, जीभ, सारे शाईने माखल्यासारखे काळेजांभळे झाले होते. सुदैवाने त्याच्या मुठीत त्या झुडपाची एक डहाळी होती.

मी ती उजेडात धरली. पाने समोरासमोर व खरखरीत. देठापासून टोकापर्यंत तीन-पाच ठळक शिरा तमालपत्राप्रमाणे जवळजवळ समांतर गेलेल्या. ही पहिली खूण. फुलाला पाच जांभळ्या पाकळ्या आणि दहा पुंकेसर. त्यांतले पाच लांब, जांभळट व विळ्यासारखे वाकलेले, पाच आखूड व पिवळे. ही दुसरी. बागेत लावतात त्या ब्राझीलच्या टिबुचिनाचे फूल असेच दिसते. पण त्यात पिवळा केसर नसतो. तिसरी खूण फळाची: पिकल्यावर ते वेडेवाकडे उकलते आणि आतला काळाजांभळा गर दिसू लागतो.

तिन्ही खुणा पटल्या तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला. हे पालोरे. कोणी त्याला रिंदा म्हणतात, कोणी लाखेरी. आपल्या खानापूरकडच्या दलदलीच्या माळांवर, ओढ्यांच्या काठी ते आपोआप उगवते आणि त्याचे गोडसर फळ खाण्याजोगे असते. लिनियसने १७५३ साली त्याला मेलास्टोमा मलबाथ्रिकम हे नाव दिले. ग्रीक भाषेत मेलास म्हणजे काळे आणि स्टोमा म्हणजे तोंड! 'मलबाथ्रम' हा शब्द तर आपल्या तमालपत्राचेच ग्रीकांच्या तोंडी झालेले रूप. मुलाचे तोंड आणि झाडाचे पान, दोहोंची साक्ष त्या एका नावात होती.

वहिनी निश्चिंत होऊन घरी गेल्या. संध्याकाळी त्यांच्या सासूबाईच हसत सांगत आल्या, "अहो, पालोरी खाल्ली होती होय त्याने! लहानपणी आम्हीही खाऊन आरशात तोंडे बघायचो. पण मला कोणी विचारलेच नाही."

मुलाला मी बजावले की ओळख पटल्यावाचून रानफळ तोंडात घालू नये. मात्र ओळख विचारण्यासाठी माझ्या ओसरीपर्यंत येण्याची गरज नव्हती; ती त्याच्याच घरात, माजघरात वाती वळीत बसली होती.